काठ्या सोडू नकोस

१८ नोव्हेंबर
पोचले एकदाची. घर लहान आहे, लाल रंगाचं, आणि जळण कोणीतरी आधीच छपराखाली रचून ठेवलंय. बावन्नाव्या वर्षी मला कोणी घरासकट नोकरी देईल असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. एकवीस वर्षं मासळीच्या कारखान्यात काढली, तो बंद पडला, आणि आता ही दरी. तळ्याकाठी आठ घरं, हमरस्त्यापर्यंत दोन किलोमीटरचा खासगी रस्ता, आणि हिवाळाभर तो मोकळा ठेवणारी मी, हेर्दिस. आमच्याकडे किनाऱ्यावर पाऊस पडतो, बर्फ नाही. हे मी मुलाखतीत जरा हळू आवाजात सांगितलं होतं.

दारातच शेजारच्या गुनवोरबाई उभ्या, हातात बटाट्याच्या गरम पोळ्या, लोणी-साखर लावलेल्या. म्हणाल्या, अगं काय ही काडी झालीय, तिकडे काय नुसता पाऊस खाता की काय. बाई सत्तरीच्या, पण जीभ विशीतली. माझं त्यांच्याशी लगेच जमलं.

२१ नोव्हेंबर
तीन दिवस शिकतेय. ट्रॅक्टर छोटा, म्हातारा, पण गडी खंबीर आहे. स्नोब्लोअर त्याच्या मागे जोडलेला, त्यामुळे सगळं काम ट्रॅक्टर उलटा चालवत करायचं. मान मागे वळवून दोन किलोमीटर. मळसूत्री पाती बर्फ आत ओढतात आणि वरच्या धुराड्यातून तो बाजूला उडतो. मध्येच रस्त्याची खडी ठणठण वाजत बाहेर पडते. मोठा दगड अडकला की एक बोल्ट मुद्दाम तुटतो आणि यंत्र वाचतं. काल दोन तोडले.

शिकवणारा टोरगेर, रस्तामंडळाचा अध्यक्ष. तोंडातून शब्द काढायला त्याला जोर लागतो. बर्फ पडायच्या आधी, जमीन मऊ असताना, रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यानेच बांबूच्या काठ्या रोवल्यात, वर चमकपट्टी लावून. एका बाजूला ऐंशी. मी आले तेव्हा रस्ता गाडला गेलेलाच होता, म्हणजे तो मी कधी पाहिलेलाच नाही. मी हे बोलून दाखवलं तर टोरगेर म्हणाला, पाहायचा कशाला. इथला नियम एकच, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, काठ्यांवर ठेवायचा. काठ्या सोडल्यास की मेलीस. हमरस्त्याकडून येताना होडीघरापाशी रस्ता उजवीकडे वळून तळ्याला वळसा घालतो, तिथे जपून, एवढंच वर सांगितलं.

माझ्याआधी हे काम आयविन नावाचा माणूस करायचा. तो कुठे गेला विचारलं, तर म्हणे शहरात, बहिणीकडे.

२ डिसेंबर
माळ्याच्या खिडकीत कागदाची चांदणी लावली, आत दिवा. आमच्याकडे नाताळच्या महिन्यात प्रत्येक खिडकीत असते. इथे मात्र सगळ्या खिडक्या अंधाऱ्या. गुनवोरबाई म्हणाल्या, आमच्या दरीत तेवीस तारखेच्या आधी लावत नाहीत, पण तू लाव गं, तू काय पाहुणी.

त्यांनी मला हातमोजे विणून दिले. लाल, पांढरी नक्षी, मनगटावर माझं अक्षर. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी काही विणलं नव्हतं. मी वेडी रडले. आणि रडता रडता मारितचं सगळं सांगून बसले. माझी एकुलती लेक. बापाच्या अंत्यविधीला आम्ही दोघी नको ते बोललो आणि दोन वर्षं झाली, बोलणं बंद. गुनवोरबाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, फोन कर तिला. आधी आईने वाकायचं असतं, लेकी नंतर वाकतात. नाताळला बोलाव. आम्ही सगळे आहोत ना.

४ डिसेंबर
केला फोन. ती येतेय. तेवीसला, दुपारी तीनपर्यंत. मी म्हटलं, रस्ता मी स्वतः काढलेला असेल, आरशासारखा. फक्त काही झालं तरी काठ्या सोडू नकोस, समोर माझी चांदणी दिसेलच. ती हसून म्हणाली, बरं बाई, काठ्या आणि तुझी चांदणी. दोन वर्षांनी हसली माझ्याशी.

९ डिसेंबर
माझा हात बसला. पूर्वी फेरीला अर्धी टाकी डिझेल जायचं, आता त्यातला पाचवा हिस्सा उरतो. होडीघराचं वळण कधी येऊन जातं तेही कळत नाही. टोरगेरने चक्क शाबासकी दिली. तो हल्ली रोज दुपारी बर्फाला भोकं पाडायचं गिरमिट खांद्यावर टाकून तळ्यावर जातो, मासे धरायला. एकही मासा आणताना दिसला नाही. मी चिडवलं, तुझ्या गळाला काय वाळकी पोळी लावतोस का. हसला नाही.

१३ डिसेंबर
खडी उडत नाही. चार दिवसांत एक ठणकार नाही, एक बोल्ट तुटला नाही. टोरगेर म्हणतो, थंडी वाढली की खडी जमिनीला घट्ट चिकटते, तुम्हा पाऊसवाल्यांना काय कळणार. असेल बाबा.

आणखी एक. मी काढलेल्या रस्त्यावर माझ्या चाकांशिवाय कोणाची चाकं नाहीत. आठ घरं, पाच गाड्या, आणि दुकानात कोणी जात नाही. विचारलं तर गुनवोरबाई म्हणाल्या, तळघरं भरलीत, जायचं कशाला. आणि पोळीवर आणखी लोणी लावलं.

१७ डिसेंबर
आज काठ्या मोजल्या. मान दुखत होती, मन रमवायला म्हणून. एका बाजूला त्रेसष्ट भरल्या.

ऐंशी होत्या. बर्फाखाली काही गाडल्या गेल्या असतील.

२० डिसेंबर
दिवसभर हिमवादळ. मागे एका जोडीपलीकडे काठी दिसत नव्हती. मध्यावर कुठेतरी धुराड्यातून काहीतरी लाल उडालं. उतरून पाहिलं. अर्धा हातमोजा. लाल, पांढरी नक्षी. मनगटावर अक्षर, पण माझं नाही. आयविनचं.

इंजिन बंद केलं, जरा शांत बसावं म्हणून. खालून ठक ठक आवाज येत होता. ट्रॅक्टरच्या बरोबर खालून. मी पुढे चालत गेले तर तोही पुढे आला.

गुनवोरबाईंना मोजा दाखवला नाही. का, ते माहीत नाही. त्यांच्या हातचं आज गिळवलं नाही.

२३ डिसेंबर, सकाळी अकरा
आभाळ स्वच्छ आहे. पहिल्यांदाच सगळं नीट दिसलं.

होडीघर. तिथून वळण उजवीकडे जातं, झाडांमधून. ते बर्फाने भरलेलं, तिथे एकही काठी नाही. माझा रस्ता सरळ जातो. मी काढलेला, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. उतरले, झाडूने साफ केलं. खाली निळं. बुडबुडे. काठी हलवली तर गिरमिटाच्या भोकातून अलगद वर आली.

दोन आठवडे मी तळ्यावर रस्ता काढतेय. सरळ वाट आखूड असते, म्हणून डिझेल उरत होतं. आणि मी मूर्ख, स्वतःच्या हाताचं कौतुक करत होते.

दुपारी पाऊण
गुनवोरबाईंकडे गेले. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. कॉफी ओतली. म्हणाल्या, तळं दर हिवाळ्याला एक घेतं. पूर्वी आमच्यातलं घ्यायचं, माझा मधला मुलगा घेतला. मग आम्ही बाहेरचा माणूस ठेवायला लागलो. रस्ता काढणाऱ्याला ते शेवटपर्यंत बर्फावर तोलून धरतं, त्याच्या रस्त्याने जो येतो त्याला घेतं. कोणीच आलं नाही, तर रस्ता काढणाऱ्याला. आयविनला बोलवायला कोणी नव्हतं गं.

मी म्हटलं, मग मला न्या. तिला कशाला.

म्हणाल्या, तुझ्यावर जीव जडला आमचा. तू राहा.

हे त्यांनी मायेने सांगितलं. माझ्या गालावर हात ठेवून. त्यांनीच विणलेला आयविनचा तो अर्धा मोजा मी त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पळत घरी आले, फोन घरी होता. मारित उचलत नाही. गाडी चालवताना ती कधीच उचलत नाही, शहाणी पोर माझी. संदेश पाठवले. दहा. वाचलेले नाहीत.

सव्वा दोन
तासभर फोनच लावत राहिले. मग ट्रॅक्टरने हमरस्त्यापर्यंत जाणार होते. दार उघडेना. बाहेर माझाच ट्रॅक्टर चालू आहे, आवाज ओळखते मी. टोरगेर माझ्या दारावर बर्फ उडवतोय. खालच्या खिडक्या गेल्या. आता स्वयंपाकघर अंधारात —

हाका मारल्या. त्याने धुराडं फक्त जरा वर केलं.

पावणेतीन
माळ्यावर. खिडकी खांद्याहून अरुंद. काच फोडली. हात बाहेर जातो, मी नाही. इथून सगळं तळं दिसतं. काठ्या दिसतात, दोन रांगा, एकदम सरळ. किती सुबक काढलाय मी —

फोन वाजतोय तिकडे. उचल. उचल ना गं.

तीन
दिवे. हमरस्ता सोडून आत आली. लहान गाडी. हळू चालवतेय. होडीघरापाशी थांबली.

थांबली. बघतेय. उजवीकडे वळ. झाडांकडे. मी किंचाळतेय पण बाहेर ट्रॅक्टर —

माझी चांदणी. ती माझ्या चांदणीकडे बघतेय. विझवते.

विझवली. गाडी उभीच आहे. मागे घे, मारित, परत जा —

गुनवोरबाईंच्या खिडकीत चांदणी लागली. टोरगेरच्या. त्यापलीकडच्या. साती घरं, सगळ्या खिडक्या, सगळं तळं उजळलं —

दिव्यांची उघडझाप केली तिने. मला. आले म्हणून.

निघाली. दोन काठ्यांच्या बरोबर मधून. मी सांगितलं तशी. मीच सांगितलं. मारित, सोड, काठ्या सोड, काठ्या