छबूबाईच्या कुलपातलं प्रस्थान

मुक्काम कोऱ्हाळे बुद्रुक, शके १८५६, तिथी ठाऊक नाही (का ते पुढे येईल).

राजमान्य हिंदुराव मेहुणे यांस सोनबाचा रामराम. बावड्यात तुमची, वडिलांची आणि बैलांची प्रकृती उत्तम असावी. इकडे ऊस आणि जनावरं ठीक. भाकरी मीच थापतो, त्यामुळे कुत्रं दारात थांबत नाही.

तुमची बहीण अडीच महिने माहेरी का बसली, हे तिनं तिच्या परीनं सांगितलंच असेल. खरं असं, की वांग्याची रोपं लावायला मी मुहूर्त पाहत होतो. पंचांगाची अंगं पाच. तिथी बरी असली की नक्षत्र आडवं, नक्षत्र सरळ की योग वाईट, सगळं जुळलं की भद्रा टपकलेली. (तुमच्या पोराच्या बारशाला मी पोचलो तेव्हा ते रांगत होतं, ते याचमुळे.) रोपं सुकायला लागली तशी सारजेनं ती अवसेला लावून टाकली. मी जरा जास्तच बोललो. ती बुधवारी माहेरी निघाली. 'जाशी बुधी, येशी कधी' असं मी म्हणालो, तर म्हणाली, "ते पंचांग घिऊन न्यायला आलात, तर मी न्हाय यायची."

तरी निघायचा मुहूर्त काढायला मी कितीदा तरी बसलो. सोमवारी, शनिवारी पूर्वेला दिशाशूल, म्हणजे तिकडं जाणंच वर्ज्य, आणि बावडं नेमकं पूर्वेला (सोयरीक करतानाच पाहायला हवं होतं). शेवटी मागच्या गुरुवारी मुहूर्त सापडला, तर त्याच दिवशी उसाला पाटाच्या पाण्याची पाळी आली. मग रीतीप्रमाणे प्रस्थान ठेवलं. नवं धोतर, पटका, सुपारी, तांदूळ असं गाठोडं बांधून पूर्वेकडच्या छबूबाईच्या घरी नेऊन ठेवलं. म्हणजे आपण मुहूर्तावर निघालो, अंग तेवढं मागून जायचं. पंचांगही त्यातच बांधलं. दुपारी छबूबाईला लेकीच्या बाळंतपणाचा निरोप आला आणि ती घराला कुलूप लावून, किल्ली कनवटीला खोचून डाळजला गेली. प्रस्थान घरी परत आणायचं नसतं, पुढं न्यायचं असतं. माझं ना मागं येईना, ना पुढं जाईना.

दोन दिवस मी दाराच्या फटीतून गाठोडं पाहून आलो. तिथी ठाऊक नसताना सूर्य उगवत होता, बैल वैरण खात होते. सारजेवाचून घर खायला उठतं, हे लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

असो. छबूबाई परतली, पंचांग हाती आलं, की सोयीचा दिवस पाहून कळवतो.

तुमचा दाजी, सोनबा

ता. क. वर मुक्काम कोऱ्हाळे लिहिलं ते सवयीनं, आणि सोयीचा दिवस लिहिला तो आब राखायला. मी सोमवारीच गाडी जुंपली, आणि आता तुमच्या वेशीवरच्या मारुतीपाशी बसलो आहे. पत्र गुरवाबरोबर धाडतो. नेसूचं धोतर गुडघ्यावर फाटलं आहे, तेव्हा त्याच्याच हाती तुमचं एखादं पाठवावं, म्हणजे गावात येता येईल.

आणखी ता. क. सारजेला सांगा, पंचांग आणलेलं नाही. गाडीत टोपलीभर वांगी आहेत, तिच्या अवसेची. गावात कुणाची अशी उतरली नाहीत. ती हो म्हणाली तर जेवून लगेच निघू. आज बुधवार आहे, ते मला ठाऊक आहे.