मी मटण सोडल्याचे आठ दिवस

१५ एप्रिल, बुधवार, सकाळ
मुलगी नेत्राचा एम.एस्सी.चा सेमिनार. विषय सायलिक ॲसिड. काल मला वाचून दाखवला. घरात तिच्यानंतर सायन्सवाला मीच, बारावीपर्यंत.
आपल्या पेशींवर या साखरेची टोकं असतात. शरीराचे पहारेकरी ती बघतात: आपलाच आहे, जाऊ दे. बकऱ्याच्या पेशीवर थोडी वेगळी जातही असते. ती माणसाला बनवता येत नाही. मटणातून ती थोडी आपल्या पेशींत शिरते आणि पहारेकरी खवळतात.
निर्णय: मटण बंद. आजपासून.

दुपार
आज बुधवार, म्हणजे घरातला मटणाचा वार, हे लक्षात नव्हतं. बायकोने, वेणूने, केलं होतंच. उद्यापासून.

१७ एप्रिल
मांजर्लीला जाऊन चुलतभाऊ भगवंतला कळवलं. त्याच्या कमलेशची हळद बुधवारी. वीस वर्षं भावकीतल्या प्रत्येक हळदीला मटणाची चव मी बघतो. मी मीठ सांगितल्याशिवाय टोप उतरत नाही. म्हटलं, यंदा पळी दुसऱ्याला दे. मला वाटलं, गयावया करेल. "बरं, दादूस," म्हणाला आणि मंडपवाल्याचा फोन घेतला.
धक्का बसला असणार बिचाऱ्याला.

१९ एप्रिल
सेमिनारचा पुढचा भाग. रक्तातली लाल पेशी म्हातारी झाली की तिच्यावरचं सायलिक ॲसिड झिजतं. खूण गेली की शरीर तिला बाजूला काढतं.
माझं वय बावन्न. जेवण गेलं नाही. (दुधी होता, तेही कारण असेल.)
भगवंतचा फोन नाही. पळी कोणाला दिली, वेणूला सहज विचारायला सांगितलं. म्हणाली, तुम्हीच विचारा. मी कशाला विचारू?

२२ एप्रिल, संध्याकाळी ५
मंडपात आहे. फक्त बघायला. पळी टोपावर आडवी पडलीय, जवळ कोणीच नाही.

५.४०
चव घेतली. नुसता रस्सा. नेत्राला विचारलं, एवढ्याने काही होतं का? म्हणाली, बाबा, रोज ताटभर खाऊ नका, इतकंच. हे आधी सांगायला काय झालं होतं?

६.१०
मीठ कमी होतं, सांगितलं. खात्रीसाठी दोन वाट्या.

२३ एप्रिल
भगवंतला म्हटलं, शेवटी माझ्याशिवाय अडलंच ना? हसत सुटला. "दादूस, तू उठलास का मंग मीठ वेणूवहिनीच टाकते. तुझे हातान पली नसली का तू माईक घेतोस. मागं साखरपुड्याला ओझोन सांगत बसलास, लोकं जेवाची राहिली. तू येनार ठावं व्हतं, म्हनून पली ठेवली."
वेणूला विचारलं. हो म्हणाली. वीस वर्षं.
फार वाईट वाटलं. मग थोडं बरंही वाटलं. खूण झिजलेल्या माणसाला बाजूला काढलं नाही, टोपाशी बसवलं.
वेणूने कालचं मटण गरम केलंय. मीठ अगदी बरोबर आहे.