गावाकडे शेती आहे ना?

वारजे, पुणे

तीर्थरूप बाबांना नम्रताचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. फोन न करता पत्र लिहितेय, कारण खोलीतल्या दोघी आमच्याच कंपनीत आहेत. मी फोनवर बोलायला लागले की त्यांच्या गप्पा आपोआप थांबतात.

अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर लावलाय, हे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेलच. तेव्हापासून कंपनीत कशालाही कारण तेच. ओव्हरटाइम बंद झाला, कारण कर. चहातलं दूध कमी झालं, कारण कर. आमच्या विभागाचे व्हॉल्व्ह तर जर्मनीला जातात, पण विचारणार कोण?

सोमवारी मालक स्वतः खाली आले. सहा वर्षांत ज्यांनी कुणाचं नाव विचारलं नाही, ते पुढच्या ओळीतल्या एकेकीला आपुलकीने विचारत होते, "गावाकडे शेती आहे ना?" कौशल्याताई खुशीत म्हणाल्या, "पाच एकर आहे, शिवाय विहीर." बुधवारी त्यांना सांगितलं, "सध्या गावी जाऊन या, ऑर्डर आली की बोलावू." ज्यांना शेती नाही, त्या सगळ्या अजून कामावर आहेत.

काल मालक आमच्या ओळीत आले. मी म्हणाले, "होती, विकली."

बाबा, रागावू नका. कंपनीतून कुणाचा फोन आला, तर तुम्हीही तेच सांगा. आईला खोटं जमत नाही, तिला फोन उचलूच देऊ नका. तिचे गुडघे कसे आहेत?

आणि आपली तूर फुलावर आली का, ते मला कळवा. पत्रानेच.

तुमची
नम्रता