हाड आणि हार्मोन

३ जानेवारी
डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. उजवी नडगी मोडून सात महिने झाले, आत सळई घालून झाली, तरी फट आहे तिथेच. म्हणाले, हाड जुळत नाहीये. मी म्हटलं, त्याला घाई नसेल. बायको हसली नाही.

मोडलं कसं ते लिहून ठेवतो, कारण लोक वाटेल ते सांगत फिरतात. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. रिव्हर्स शिकवताना मी खाली उतरलो, गाडीच्या मागे उभा राहिलो आणि 'या, या' असा हात केला. शिकाऊ बाई आल्या. चूक शंभर टक्के त्यांची.

आता रोज एक इंजेक्शन, पोटावर. पेनासारखं असतं. मानेतल्या बारीक ग्रंथींतून एक हार्मोन पाझरतं, त्याच्यासारखंच औषध. मुळात ठिसूळ हाडांसाठीचं. न जुळणाऱ्या हाडाला काहींना उपयोग होतो, काहींना नाही, खात्री देत नाही, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले. दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. सिगारेट बंद. नाहीतर परत ऑपरेशन, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून पायात.

एप्रिलमध्ये मी गाडीत. ठरलं.

४ जानेवारी
नर्सबाईंनी पेन कसं वापरायचं ते दाखवलं. मी डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकलं. मी सुईला घाबरतो हा बायकोचा गैरसमज आहे. सुई बघितली की चक्कर येते, एवढंच. ती म्हणाली, मी टोचत जाईन. स्पष्ट नकार दिला. वीस वर्षं लोकांना शिकवणारा माणूस स्वतःचं पोट दुसऱ्याच्या हातात देत नाही. माहितीपत्रक ड्रॉवरमध्ये टाकलं. ते नवशिक्यांसाठी.

५ जानेवारी, सकाळी ७.४०
बाथरूमची कडी लावून पहिलं इंजेक्शन. डोळे मिटले, टेकवलं, दाबलं. काही म्हणजे काही दुखलं नाही! हात हलका असावा लागतो. पोटावर जरा ओलं लागलं. औषध जिरताना लागत असेल.

९ जानेवारी
सिगारेट बंद. म्हणजे दोनच. त्याही गॅलरीत, उन्हात उभं राहून. हाडांना ऊन हवं असतं.

१६ जानेवारी
हार्मोन चढलं. चहा गार होता म्हणून बायकोवर ओरडलो. मला ओरडायचं नव्हतं. तिला समजावलं, हा मी नाही, औषध बोलतंय. ती म्हणाली, बरं. समजूतदार आहे.

२४ जानेवारी
स्कूल सध्या बायको बघते. शिकवायचं लायसन्स तिला मीच हौसेने काढून दिलं होतं, वापरायला नव्हे. तिचे पाचही जण टेस्ट पास. हल्ली परीक्षक फार ढिले झालेत. संध्याकाळी तिने क्लच-प्लेटबद्दल मत दिलं. मी कुबडी आपटली. पुन्हा हार्मोन.

७ फेब्रुवारी
शेजारचे काका मधुमेहाचं इंजेक्शन घेतात. म्हणाले, रोज मुंगी चावल्यासारखं होतं. मी म्हटलं, काका, तुमचं टेक्निक चुकतंय. तासभर मार्गदर्शन केलं, तोंडी. काका मध्येच उठून गेले. वयामुळे लक्ष टिकत नाही.

नडगीत आतून काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. जुळतंय.

१९ फेब्रुवारी
वाईट दिवस. स्कूलच्या पाटीवर आता बायकोचा फोन नंबर आहे. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तिच्या आईलाही मध्ये आणलं. ती जेवली नाही. दारात उभी राहून म्हणाली, औषध चालू आहे तोवर सहन करते, पुढचं मला माहीत नाही. मी म्हटलं, अगं, थोडे दिवस राहिले.

हार्मोनचा जोर एवढा, म्हणजे हाड किती भरलं असेल!

५ मार्च
एक्स-रे. फट तशीच.

डॉक्टरांनी विचारलं, रोज घेता ना? एकही दिवस चुकवला नाही, हे खरं आहे. त्यांनी नर्सबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, माझ्यासमोर घेऊन दाखवा. घेतलं. अजिबात दुखत नाही बघा, असं म्हणालोही. नर्सबाई वाकून बघत होत्या.

सुईवर दोन टोपणं असतात म्हणे. एक बाहेरचं मोठं, आणि आत एक बारीक. बारीक मी कधी काढलंच नव्हतं. साठ दिवस औषध टोपणात, आणि तिथून पोटावरून ओघळून खाली. थेंबभरही अंगात गेलेलं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला. मग म्हणाले, चला, आता खरंच सुरू करू. पुन्हा दोन महिने. सिगारेटचा वास त्यांनाही आला असावा, कारण म्हणाले, एकही नको.

येताना गाडी बायको चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, एक विचारू? औषध अंगात गेलंच नाही, तर दोन महिने माझ्यावर ओरडत होतं ते कोण?

तो सिग्नल फार वेळ लाल असतो.

६ मार्च, सकाळी ७.४०
कडी लावली नाही. बायकोने माहितीपत्रक वाचलं होतं. दोन्ही टोपणं काढून मला दाखवली. म्हणाली, डोळे उघडे ठेवा. ठेवले. सुई केसाएवढी असते.

दुखलं का, असं तिने विचारलं. हो म्हटलं. मग हेही म्हटलं, की ओरडत होतो तो मीच.

ते मला माहीत होतं, असं म्हणून ती पेन फ्रिजमध्ये ठेवायला गेली.