माझ्या ई-मेल पत्त्याची वारस

मी, शिवकन्या आण्णासाहेब टेकाळे, वय ३१ वर्षे, व्यवसाय नेटवर्क अभियंता, मूळची तेरची, सध्या राहणार धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून, दोनदा वाचून लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मला मूलबाळ नाही. घटस्फोटाचा दावा चालू आहे. निकालाआधी मी मेले आणि मृत्युपत्र नसले, तर माझी स्वकष्टाची मिळकत कायद्याने पती रणधीर अमरसिंह घोगरे यांच्याकडे जाईल. ती जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. बँकेतील ठेव व माझे दागिने आई तुळजाबाई यांना. स्कूटर वडिलांना. आण्णांनी हेल्मेट घालावे. घालणार नाहीत, तरी लिहून ठेवते.

२. केबलला टोके बसवायची क्रिम्पिंगची पक्कड व केबल टेस्टर सहकारी यज्ञेश पाठक यांना. नाहीतरी दोन्ही वस्तू त्यांच्याच खणात सापडतात.

३. माझ्या नावाचे डोमेन, म्हणजे माझ्या ई-मेल पत्त्यात @ या चिन्हानंतर येणारा भाग, त्याच्या नोंदणीचा हक्क आणि त्यावरचे सर्व पत्ते राजेश्वरी अमरसिंह घोगरे हिला. ती रणधीर यांची धाकटी बहीण, माझी नणंद. हे वाचून दोन्ही घरांना धक्का बसेल, म्हणून कारण देते.

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले: मैथिली. मला कोणी विचारले नाही. त्याच आठवड्यात माहेरचे सिमही बंद झाले. आमच्याकडे नवरीला सिमही सासरचे मिळते. रणधीर म्हणाले, "नाव नवं, सिम नवं. तुझ्या मेलवर माझाच नंबर टाकून ठेवतो, तुला कशाला ताप?" तो पत्ता मी कॉलेजात काढला होता. पदवी, बँक, नोकरीचे अर्ज, सगळे त्यालाच जोडलेले. मी नेटवर्क सांभाळते आणि ही गोष्ट मी होऊ दिली, कारण घरात नवीन होते आणि मांडवातल्या अक्षता अजून केसांत होत्या.

भांडण झाले तेव्हा त्यांनी पासवर्ड बदलला. तो परत मिळवायचा कोड त्यांच्याच फोनवर येणार होता. मी मेलच्या कंपनीकडे तक्रार केली. यंत्राने उत्तर दिले की ओळख पटवण्यासाठी कोड पाठवला आहे. कोणाला? रणधीर यांना. ज्याने दार लावले त्यालाच विचारत होते, घर कोणाचे. या कंपनीला खिडकी नाही, साहेब नाही, उंबरा नाही जिथे जाऊन बसावे. पत्ता माझा म्हणून मी वर्षानुवर्षे लोकांना सांगितला. तो माझा कधीच नव्हता.

मग राजेश्वरीचा फोन आला. "वहिनी, तुमच्या जुन्या मेलवर बंगळुरूच्या कंपनीचं नोकरीचं बोलावणं आलतं. दादानं तुमच्या नावानं लिहिलं, घरच्या जबाबदाऱ्या हायत, नोकरी नको. खाली सही मैथिली. मी बघितलंय. कोर्टात विचारलं तर सांगीन."

"तुला त्याच घरात राहायचंय," मी म्हटले.

"म्हणून काय झालं? खोटं न्हाय ना बोलणार."

त्यानंतर मी डोमेन घेतले आणि त्यावर पहिला पत्ता तिला दिला. तिचे लग्न ठरत आहे. तिचे नाव सासरी कोणी काहीही ठेवो, सिम कोणतेही देवो, हा पत्ता तिच्या पहिल्या नावाने तिच्याकडेच राहील.

आण्णा म्हणाले, "आगं, पत्त्यासाठी कुणी मृत्युपत्र करतं व्हय? रान असतं तर गोष्ट येगळी."

"तुमचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर असता तर झोप लागली असती का?"

"न्हाय," ते म्हणाले.

४. कॉलेजातला जुना पत्ता रणधीर यांच्याकडे आहेच. तो त्यांना लखलाभ. त्यावर येणाऱ्या कर्जाच्या आणि साड्यांच्या जाहिरातींसह.

५. राजेश्वरीने डोमेनचे नूतनीकरण कधीही चुकवू नये. चुकल्यास ते कोणीही विकत घेईल आणि माझ्या नावाची पत्रे त्याला जातील. खर्च वरील ठेवीतून द्यावा. आईला सांगितले आहे. माझी पत्रपेटी न वाचता रिकामी करावी. त्यात कोणाचे काय आहे, हे मी कोणालाही सांगणे लागत नाही. पेटी मात्र बंद करू नये. पुढे जो कोणी लिहील त्याला आपोआप एवढेच उत्तर जावे, यात एक शब्दही घालू नये:

"शिवकन्या टेकाळे हयात नाही. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही."

वरील मजकूर माझा आहे. खालील दोघांसमोर, कोणाच्याही दबावाविना, माझ्या खऱ्या नावाने सही करते. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

सही: शिवकन्या आण्णासाहेब टेकाळे

साक्षीदार:
१. गंगम्मा हणमंतप्पा बिराजदार, घरमालकीण, धाराशिव
२. हणमंतप्पा कल्याणप्पा बिराजदार, घरमालक, धाराशिव

स्थळ: धाराशिव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५