एका बोटाने वळणारी गाडी

३० मार्च, रविवार. पाडवा.
संकल्प. ११ मे रोजी नरसिंह जयंती. सुमंगलाला माझ्या स्पोर्ट्स कारमधून पोखर्णीला न्यायचं. कुलदैवत आपलं, गाडी आपली, आणि बायको नऊ वर्षं एसटीने जाते! शोभतं का हे?
सुमंगला तयार झाली. अट एकच: गाडी ढकलायला उतरणार नाही. मान्य. लेक मैथिली फोनवर खूप हसली. हसू दे, पोरगी आहे.
गाडी १९६६ची, लाल, दोन सीटची, विलायती. नऊ वर्षांपूर्वी हैदराबादच्या नवाबाची म्हणून घेतली, कागदावर दाताचा डॉक्टर निघाला. रुबाब मात्र नवाबीच.
ऊन तापलंय. दर उन्हाळ्यासारखी चारही टायरांची हवा कमी केली. यंदा जरा जास्तच. गरम झाली की हवा फुगते, तीस वर्षं अकरावीच्या पोरांना हेच शिकवलं. टायर फुटण्यापेक्षा नरम बरा.

२ एप्रिल
स्टिअरिंग लय जड झालंय. वसमत रोडला एक वळण घ्यायला तीनदा मागेपुढे केलं. एका ऑटोवाल्याने विचारलं, काका, वळवायलेत का पार्क करायलेत? उद्धट मेला.
उजवा खांदा ठणकतोय.
सुमंगला म्हणाली, आधी हवा बघा. म्हटलं, हवा मीच काढलीय, विचार करून. तिचे वडील सेलूला जिनिंगवर जीप चालवायचे, तेवढ्यावर हिला वाटतं गाड्यांतलं कळतं. जीप वेगळी, स्पोर्ट्स कार वेगळी.

५ एप्रिल, सकाळी ६
सापडलं! इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिला. नव्या गाडीचा मोटार लावलेला स्टिअरिंगचा दांडा काढायचा, जुन्या गाडीत बसवायचा. मग चाक एका बोटाने फिरतं. त्याला दोन दिवस लागले. मी फिजिक्सचा माणूस. दीड धरू.

९ एप्रिल
नांदेडच्या भंगार बाजारातून दांडा आणला. एसटीत मांडीवर घेऊन बसलो, चादरीत गुंडाळून. शेजारच्या बाईने हात जोडले. तिला काय वाटलं कोण जाणे. मीही गंभीर चेहरा करून बसलो.

१५ एप्रिल
महारुद्र मिस्त्री आला. माणूस चांगला, पण धीर नाही. म्हणाला, सर, मूळ दांडा कापावा लागंल. एकदा कापला की परत जुळत न्हाई, इचार करा. वर म्हणतो, टायर लय बसल्यात, हवा भरून बघू का आधी? हाही तेच! सुमंगलाने चहा देताना कान भरले असणार.
म्हटलं, काप.
कापला.

१९ एप्रिल
मोटार बसली. फक्त ती माझ्या उजव्या गुडघ्याच्या जागी बसली. महारुद्र म्हणतो, आता पाय कुठं ठिवता? सोपं आहे. गुडघा बाहेर काढून बसायची सवय करायची. आठ दिवस पुष्कळ झाले.
तसाच बसून जेवलो. सुमंगलाने विचारलं, पाय कामून असा धरलाय? म्हटलं, प्रॅक्टिस.

२७ एप्रिल, रविवार
यशस्वी! उभ्या गाडीत चाक एका बोटाने फिरलं. करंगळीने! गल्लीतल्यांना बोलावलं. समोरच्या कुसुमबाईंनी स्वतः फिरवून बघितलं. वीस मिनिटं सगळे आळीपाळीने फिरवत होते. मग हॉर्न वाजेना. मग गाडीच सुरू होईना.
महारुद्र म्हणतो, जुनी गाडी हाय, तिचा डायनामो जेवढा करंट करतो त्याच्या दुप्पट ही मोटार खाती. म्हणजे दोष पॉवर स्टिअरिंगचा नाही, पॉवरचा आहे. हा फरक गल्लीला कळला नाही. सगळे नुसते हसत घरी गेले. चीड आली.

४ मे
उपाय: जादा बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची काढून गाडीत बसवली. डाव्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी. दुसरीकडे बसेचना. सुमंगलाने पाय थोडे वर घेऊन बसावं, अठरा-वीस किलोमीटर तर आहे पोखर्णी.
दुपारी लाईट गेली. तीन तास. इन्व्हर्टर नाही, पंखा नाही, त्रेचाळीस डिग्री. सुमंगला वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाली, हवा बघा म्हटलं होतं, तर घरातलीच हवा घालवली. टोमणा होता. मी पुस्तकात तोंड घातलं.

८ मे
मोटारची मदत किती मिळावी ते ठरवायला एक नॉब आहे. फुल ठेवून बाहेर काढली. मी चाकाला नुसतं डावीकडे सुचवलं, गाडी सरळ रसवंतीत. उसाची मोळी आडवी झाली. रसवंतीवाल्याने आधी मला खाली उतरवलं, मग गाडीला नमस्कार केला.
नॉब मध्यावर. आता परफेक्ट. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, पण एका बोटाने वळणाऱ्या गाडीला खांदा लागतो कशाला?

१० मे
सगळी तयारी झाली. नरसिंहाचा जन्म सूर्यास्ताला, म्हणजे चारला निघायचं. दोघी लेकींना, व्याह्यांना, कुसुमबाईंना सांगून झालंय की सुमंगलाला मी नेणार. सुमंगलाने पुरण घातलं. नवी साडी काढली. नऊ वर्षांत पहिल्यांदा गाडीकडे बघून हसली. उद्या काही झालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

११ मे, रात्री ९
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
चारला निघालो. माझा गुडघा बाहेर, तिचे पाय बॅटरीवर, मांडीवर पुरणाचा डबा. गंगाखेड रस्त्याने निम्म्यात आलो तर जळका वास. मग मोटार बंद, इंजिन बंद. चाक आता बोटभरही फिरेना, मेलेली मोटारसुद्धा मलाच ओढावी लागत होती. खांद्यातून कळ गेली, ओरडलोच. खटपट करता करता साडेपाच वाजले.
समोर पंक्चरचं दुकान. पप्पू नावाचा पन्नाशीचा माणूस. त्याने टायरला लाथ मारली आणि म्हणाला, सर, ह्यात हवाच न्हाई की! चारही टायर भरले, मोटारची वायर सोडली. मग मी डाव्या हाताने चाक फिरवून बघितलं.
फिरलं. सहज.
महिनाभर सुमंगला आणि महारुद्र मला हेच सांगत होते. लाज वाटली. खांदा तर मेलाच होता. म्हटलं, सुमंगला, चुकलो, तू एसटीने जा, जन्म तरी चुकायला नको.
तिने डबा माझ्या हातात दिला, माझ्या बाजूला येऊन मला खाली उतरवलं आणि चाकावर बसली. पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. वडिलांनी लग्नाआधीच जीपवर शिकवलं होतं म्हणे. मैथिलीने स्वतःचं काढलं तेव्हा हिचंही रिन्यू करून आणलं. चौतीस वर्षं संसार केला, मला पत्ता नाही. विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, तुमी विचारलं कधी?
गाडी ढकलून सुरू करावी लागली. पप्पू, दोन भाविक आणि मी. सुमंगला उतरली नाही. ठरलंच होतं तसं.
जन्माला पोचलो.

१२ मे
महारुद्र परवा येणार. कापलेला दांडा काही जुळत नाही, मेली मोटार गाडीतच राहणार. तो येईपर्यंत इन्व्हर्टरची बॅटरीही तिथेच.
नवा संकल्प: पावसाळ्यापर्यंत खांदा बरा करायचा. मग गाडी पुन्हा मी...
संध्याकाळी ५. सुमंगला किल्ली घेऊन निघाली, ताडकळसला बहिणीकडे. दारातून विचारलं, येता का? पण पाय वर घेऊन बसावं लागंल.
जातो.