तीन नंबरच्या काउंटरचा अर्ज

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालताना नाक जमिनीला लागतं, आणि सध्या कशालाही नाक लावू नये असं सांगतात, म्हणून सात अंगांवर भागवलं आहे. आठवं साथ संपल्यावर.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला साधाच निघाला हे ऐकून जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ते फोनवर खोकले तेव्हा मी घाबरून माझा मोबाइल साबणाने धुतला. तेव्हापासून तो बोलत नाही, म्हणून हे पत्र. एका परीने बरंच झालं, कारण फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस.

तू मुख्य कचेरीत पगार विभागात बसतेस, तूच शब्द टाकलास म्हणून कंपनीच्या या किराणा दुकानात मी चिकटलो. जागा निर्धोक आहे असं तू तेव्हा म्हणाली होतीस, आणि नऊ वर्षं ते खरंही होतं. मागच्या गोदामात बसायचं आणि डब्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या, एवढंच माझं काम. गिऱ्हाईक म्हणून जे काही असतं ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. मग साथ आली, सगळं जग घरात बसलं आणि आम्हाला कळवण्यात आलं की आम्ही अत्यावश्यक आहोत. (हे मी घरी मोठ्या ऐटीत सांगितलं, तर बायकोने विचारलं, कुणाला?)

माझ्या बढाया तू लहानपणापासून ऐकत आली आहेस, पण आता जे सांगतो त्यात पदरचा एक शब्द नाही. आमच्या तीन नंबरच्या काउंटरवर एक बाई बसतात. आम्ही त्यांना तीन नंबरच म्हणतो. किरकोळ अंगाच्या, चष्म्याला दोरी, आवाज असा की मास्कमधून ऐकायला माणसाला वाकावं लागतं. एका मंगळवारी सकाळी रांगेतला एक गृहस्थ त्यांच्यासमोर आला, टोपलीत एक पाव आणि साखरेचं पाकीट, दोनदा खोकला आणि उभाच्या उभा कोसळला. पुढच्या क्षणी दुकानात चिटपाखरू उरलं नाही. दारावरच्या रखवालदाराने ताप मोजायचं यंत्र टाकून रस्ता गाठला, मॅनेजरांनी केबिनला आतून कडी घातली, आणि मी गोदामात पिठाच्या पोत्यांवर चढलो. (रोग जमिनीलगत राहतो असं मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे ते विचारू नकोस.)

वरून फटीतून मी पाहिलं. तीन नंबर आपल्या प्लास्टिकच्या पडद्याआडून बाहेर आल्या. स्वतःचा स्वेटर घडी करून त्या माणसाच्या डोक्याखाली ठेवला, त्याला कुशीवर वळवलं, रुग्णवाहिकेला फोन केला आणि जमिनीवर बसून त्याचा हात हातात धरला. चांगली पंचवीस मिनिटं. त्याला सांगत होत्या, तुमचा पाव बाजूला काढून ठेवलाय, बरे होऊन या नि घेऊन जा. रुग्णवाहिका गेल्यावर त्यांनी काउंटरचा पट्टा साबणाने पुसला, काचेतून मॅनेजरांना सांगितलं की मला आता चौदा दिवस येता येणार नाही, आणि पिशवी उचलून निघून गेल्या. आत्या, मी पोत्यावर बसून राहिलो. इतकं साधं आणि इतकं मोठं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. चौदा दिवसांनी त्या येऊन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पुढचे." आणि महिन्याभराने तो गृहस्थ निम्मा होऊन आला, चार नंबर रिकामा असताना तीनच्या रांगेत उभा राहिला. पाव बाजूला काढून ठेवलेला होता, ताजा.

त्यांच्या घरी आई आहे, तिला दम्याचा त्रास, आणि आठ वर्षांची मुलगी. आपल्यामुळे आईला बाधा नको म्हणून साथ सुरू झाल्यापासून त्या वेगळी खोली भाड्याने घेऊन राहतात. रोज कामावरून सुटल्या की घरासमोरच्या फुटपाथवर उभ्या राहतात आणि मुलगी खिडकीतून ओरडून पाढे म्हणते. (त्या गल्लीतल्या सगळ्यांचे पाढे आता पक्के झाले आहेत.)

अशात तुमच्या कचेरीचं फर्मान आलं: ज्यांचा गिऱ्हाइकांशी थेट संबंध येतो त्यांना साथ असेपर्यंत धोका भत्ता. झालं, ज्याला त्याला गिऱ्हाईक दिसू लागलं. केबिनमधल्या भोकातून जगाशी बोलणारे आमचे हिशेबनीस खुर्ची उचलून थेट दारात येऊन बसले. सकाळी कुलूप उघडून दिवसभर झोपणारे गोदामवाले मिशा पिळत साबणांच्या रांगेत गस्त घालू लागले. फॉर्मवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक, आणि खाली एकच प्रश्न: आपल्या कामातला धोका आपल्या शब्दांत लिहा. आता आपले शब्द म्हणजे कुणाचे? निबंधात मी शाळेत पहिला आलो होतो हे तू गावभर सांगितलं होतंस, त्याची फळं मी भोगली. सगळे माझ्याकडे आले. हिशेबनिसांसाठी मी लिहिलं की प्रत्येक नोटेच्या घडीत काळ दबा धरून बसला आहे. गोदामवाल्यांना मी इतकं शूर केलं की वाचताना त्यांचे त्यांनाच पाय कापू लागले.

शेवटी तीन नंबर आल्या. म्हणाल्या, "अहो लेबलवाले, माझं थोडक्यात लिहा. काम नेहमीचंच आहे. माणसं घाबरलेली असतात, त्यांना जरा वेळ द्यावा लागतो. धोका काय, सगळ्यांनाच आहे, आमचा वेगळा कुठे काढायचा?" मी म्हटलं, जरा मीठमसाला घालू या, निदान त्या मंगळवारचं तरी लिहू या. तर म्हणाल्या, त्या बिचाऱ्याच्या आजारपणाचे पैसे मागू का? मी पेनाचं टोपण काढलं. त्या बोलल्या तेच मी जसंच्या तसं, माझ्या उत्तम अक्षरात उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच खरं लिहिलं, आणि तिथेच घात झाला.

महिन्याने उत्तरं आली. सतरा अर्ज मंजूर. अठराव्यावर शेरा: अर्जदाराच्याच म्हणण्यानुसार वेगळा धोका दिसत नाही, सबब नामंजूर. तीन नंबरनी तो कागद वाचला, म्हणाल्या, "बरोबरच आहे, मीच तसं सांगितलं होतं," आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. पण भत्त्याशिवाय त्यांना खोलीचं भाडं झेपत नाही, आणि हे काम करून आईजवळ राहायची त्यांची तयारी नाही. या महिनाअखेर त्या नोकरी सोडत आहेत.

बाकी इकडे सर्व क्षेम. तुझ्या हातात यातलं काही नाही हे मी जाणतो, सहज कानावर घातलं. गुडघ्याला गरम पाण्याने शेक दे आणि आतोबांना हातभर लांबून माझा नमस्कार सांग.

तुझा गोदामवासी भाचा

ता. क. : हातात नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. नामंजूरच्या शेऱ्याखाली हिरव्या शाईची सही आहे. तुझ्याकडे राहून शिकत होतो तेव्हा सहा वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर मी ती पाहिली, एकदा तिची नक्कल करून मारही खाल्ला. आत्या, ती सही मी झोपेतसुद्धा ओळखीन.

ता. क. दुसरा : माझा स्वतःचा मंजूर अर्ज सोबत जोडला आहे. त्याच्या समासात त्याच हिरव्या शाईत लिहिलं आहे, "वाचून डोळे भरून आले." त्यात कोसळलेला माणूस आहे, डोक्याखालचा स्वेटर आहे, पंचवीस मिनिटं धरलेला हात आहे, बाजूला ठेवलेला पाव आहे. ते सगळं खरं घडलं, फक्त मी तेव्हा पोत्यांवर होतो. तू रडलीस ते योग्य माणसासाठीच, तेव्हा खालचा क्रमांक तेवढा बदल. मग मला काय शिक्षा करायची ती कर. सोमवारपासून मी चार नंबरच्या काउंटरवर बसायचं मागून घेतलं आहे. पोत्यांची आठवण येते, पण शेजारी तीन नंबर असतात.

ता. क. तिसरा : आज जेवणाच्या सुट्टीत हे लिहीत होतो तेव्हा तीन नंबरनी विचारलं, कुणाला एवढं मोठं पत्र? म्हटलं, आत्याला. ती सही कुणाची हे त्यांना माहीत नाही. त्या म्हणाल्या, वयस्कर आहेत ना त्या, विचारा त्यांना, घरी पीठ आहे का? नसेल तर या टंचाईत कामगारांना पिठाचं जे एक पाकीट मिळतं, ते माझं त्यांच्यासाठी ठेवते. तर आत्या, उलट टपाली कळव, घरी पीठ आहे ना?